चौदा महिन्यांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ९.२: लोह गेलं कुठे आणि भरून कसं काढायचं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा १४ महिन्यांचा, वजन ९ किलो. जन्म ३६व्या आठवड्यात, जन्मवजन २.३ किलो. गरोदरपणी आईचं हिमोग्लोबिन ८.९ होतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, उष्टावण आठव्या महिन्यात. आता दिवसाला ८०० ते ९०० मिली म्हशीचं दूध बाटलीने पितो आणि घास समोर आणला की तोंड फिरवतो. माती खातो. गेले दोन महिने बीट, डाळिंब, गूळ, खजूर चालू आहे. अंगणवाडीतून मिळालेलं लोहाचं औषध शी काळी झाली म्हणून थांबवलं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.२, आरबीसी ४.६, एमसीव्ही ६४, आरडीडब्ल्यू १८. गाव चंद्रपूर जिल्ह्यात. एवढं खाऊ घालूनही रक्त का वाढत नाही, आणि हे झालंच कशामुळे?

ताई, आधी रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो, कारण बऱ्याच प्रयोगशाळा लहान मुलाच्या रिपोर्टवरही मोठ्या माणसाचे आकडे छापतात. हिमोग्लोबिनसमोर १३ ते १७ आणि एमसीव्हीसमोर ८० ते १०० असं लिहिलेलं दिसलं की घरचे हबकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ठरवलेली रेघ ६ ते २३ महिन्यांसाठी १०.५ आणि २ ते ५ वर्षांसाठी ११ आहे. त्याआधी पाच वर्षांखाली सरसकट ११ धरायचे आणि आपल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाच्या मार्गदर्शिकेतही ११ च आहे. ९.२ हा आकडा दोन्हीकडे मध्यम रक्तक्षयात मोडतो. धावपळ करून दवाखान्यात भरती करावं असा तो नाही, पण ‘दात येताहेत, होईल बरं’ म्हणून सोडून द्यावा असाही नाही. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. लहान मुलात त्याची खालची मर्यादा काढायची सोपी रीत म्हणजे ७० अधिक वर्षांतलं वय. तुमच्या मुलाला साधारण ७१ हवं होतं, आहे ६४. म्हणजे पेशी लहान आहेत. आरडीडब्ल्यू १८ याचा अर्थ त्या एकसारख्या आकाराच्या नाहीत. लोह घटत गेलं की आधीच्या मोठ्या आणि नंतरच्या लहान पेशी एकत्र दिसतात, म्हणून हा आकडा चढतो.

लहान पेशी दिसल्या की थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक आहे का, हेही मनात आणावं लागतं. त्यासाठी एमसीव्हीला आरबीसीने, म्हणजे लाल पेशींच्या संख्येने, भागायचं. ६४ भागिले ४.६ म्हणजे १३.९. उत्तर १३ च्या वर असेल तर कल लोहाच्या कमतरतेकडे, १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमियाच्या वाहकपणाकडे. ही फक्त दिशा झाली, निदान नाही. तुमच्याकडच्या बाकीच्या माहितीशी ती जुळते, म्हणून लोहाची कमतरता धरून उपचार सुरू करायला हरकत नाही. चंद्रपूरमुळे आणखी एक तपासणी लागेल, तिच्याकडे पुढे येतो.

आता लोह गेलं कुठे. खरं तर ते गेलं नाही, पुरेसं आलंच नाही, आणि ही तूट जन्माआधीच सुरू झाली होती.

पूर्ण दिवसांचं मूल किलोमागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोह घेऊन जन्मतं. ३ किलोचं मूल सव्वादोनशे मिलिग्रॅमची शिदोरी आणतं. तुमच्या मुलाने फार तर पावणेदोनशे आणली. या शिदोरीचा मोठा भाग गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. बाळ चार आठवडे आधी आलं की तेवढे भरतीचे दिवस बुडाले. आईचं हिमोग्लोबिन ८.९ असेल तर वारेतून बाळाकडे जाणारं लोहही आखडतं. वार आईच्या वाट्याचं बाळाला देऊ पाहते खरी, पण आईकडेच नसेल तर तिचाही इलाज चालत नाही. यात तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. जन्मानंतर नाळ लगेच बांधली की एक ते तीन मिनिटं थांबून, यानेही फरक पडतो. थांबलं तर वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि त्यातलं लोह पुढचे कित्येक आठवडे कामी येतं. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी हे आधीच विचारून ठेवा.

सहा महिने फक्त अंगावर पाजलंत ते बरोबरच केलंत. आईच्या दुधात लोह थोडं असतं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्याही खाली, पण त्यातलं निम्म्याच्या आसपास अंगी लागतं. पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं मूल ही शिदोरी आणि आईचं दूध यांवर सहाव्या महिन्यापर्यंत निभावतं. अडीच किलोखाली जन्मलेलं मूल निभावत नाही. म्हणूनच अशा मुलांना सरकारी कार्यक्रमातही सहाव्या महिन्याची वाट न पाहता दुसऱ्या महिन्यापासून लोह द्यायला सांगितलं आहे. ते तुमच्याकडे झालेलं दिसत नाही. अशी मुलं दिसायला गुटगुटीत होतात, वजन झपाट्याने घेतात, आणि म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही की या वाढीनेच शिदोरी लवकर संपते. तुमच्या मुलाच्या अंगात जन्मतः जेमतेम २०० मिली रक्त होतं. आज किलोमागे ८० मिली धरलं तर ७२० मिली आहे. साडेतीन पट रक्त करायला लोह बाहेरूनच यायला हवं होतं.

ते यायला हवं होतं सहाव्या महिन्यापासून वरच्या अन्नातून. ६ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज सुमारे ०.९ मिलिग्रॅम लोह अंगी लागावं लागतं. बाळाच्या आकाराच्या मानाने ही गरज आयुष्यातल्या कुठल्याही टप्प्यापेक्षा मोठी आहे. आपल्याकडे नेमकं याच वेळी काय होतं? उष्टावण मुहूर्त, मामा, पाहुणे यांच्या सोयीने सातव्या-आठव्या महिन्यात जातं. त्यानंतरही महिनाभर भाताची पेज आणि वरणाची निवळी. निवळीत डाळ नसते, पेजेत भात नसतो. चमचाभर पाण्यात लोह कुठून असणार? चमचा तिरका केला तर ओघळून जाईल ते बाळाचं जेवण नाही, चमच्याला धरून राहील ते जेवण. पुढे नऊ-दहा महिन्यांचं मूल चहात बुडवलेलं बिस्किट, खारी, बटर यांवर येतं. चहातलं टॅनिन धान्य-डाळीतलं लोह आतड्यात अडवून धरतं. दोन वर्षांखालच्या मुलाला चहाचा एक घोटही नको, आणि हे घरातल्या आजी-आजोबांना हात जोडून सांगावं लागलं तरी सांगा.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र सगळ्यात जड कारण दूध आहे. म्हशीच्या १०० मिली दुधात साधारण १०० कॅलरी असतात. पाणी घातलं नसेल तर ८५० मिलीत साडेआठशे झाल्या. ९ किलोच्या मुलाची अख्ख्या दिवसाची गरज ७५० ते ८०० कॅलरींची असते. म्हणजे त्याला भूक लागणं शक्यच नाही! तो नाठाळपणा करत नाही, त्याचं पोट खरोखर भरलेलं आहे. त्या एवढ्या दुधातून अंगी लागणारं लोह ०.१ मिलिग्रॅमच्या घरात, आणि त्याला या वयात हवं साधारण अर्धा मिलिग्रॅम. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन सोबतच्या घासातलं लोहही शोषू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीचं दूध पोटभर दिलं तर काहींच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा थोडा थोडा रक्तस्रावही होतो. मग ‘जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे’ असं म्हणून बाटली वाढते, बाटली वाढली की जेवण आणखी घटतं, आणि लोहाच्या कमतरतेने भूक स्वतःच मरते. हे चक्र दुधाच्या बाजूने तोडावं लागतं.

माती खाणं हे बहुतेकदा याच कमतरतेचं लक्षण असतं. मुलं भिंतीचा चुना, राख, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिलही खातात. ‘कॅल्शियम कमी आहे म्हणून माती खातो’ हा समज पक्का बसलेला आहे आणि त्यापायी मुलांना महिनोन्‌महिने कॅल्शियमचं सिरप मिळतं, जे लोहाचं शोषण आणखी अडवतं. लोह सुरू झालं की काही आठवड्यांत ही सवय बहुधा आपोआप सुटते. तोवर मातीतून जंतांची अंडी पोटात जातात आणि जुन्या रंगाच्या भिंतींचे पोपडे असतील तर शिसंही. आकडी कृमी, म्हणजे हूकवर्म, आतड्याला चिकटून रक्त पितात; त्यांच्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात, म्हणून चालू लागलेल्या मुलाला शौचाच्या जागेजवळ अनवाणी सोडू नका. १ ते २ वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, पूर्ण चुरून पाण्यात कालवून देतात. दोन वर्षांनंतर पूर्ण गोळी. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनांना ती अंगणवाडीत मिळते. अख्खी गोळी किंवा तिचा तुकडा या वयात घशात अडकू शकतो. आणि जंताची गोळी दिली म्हणजे रक्त वाढेल असंही नाही. एवढ्या लहान मुलात जंत हे क्वचितच मुख्य कारण असतं. मुख्य कारण जवळजवळ नेहमी ताटात असतं.

आता बीट आणि डाळिंब. लाल खाल्लं की रक्त लाल होतं, ही समजूत इतकी खोल आहे की गाजर-बिटाच्या रसावर मुलाचे सहा-सहा महिने निघून जातात. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅमपेक्षा कमी लोह असतं, डाळिंबात त्याहूनही कमी. गुळात १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण मूल खाणार १० ग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅमही नाही. शिवाय वनस्पतीतल्या लोहातलं ५ ते १० टक्केच शोषलं जातं. हे पदार्थ वाईट नाहीत, पण या कामाचे नाहीत.

चांगल्या अन्नानेही ही तूट का भरत नाही, तेही आकड्यांत बघा. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन ९.२ वरून ११.५ वर न्यायचं म्हणजे ७२० मिली रक्तात साडेसोळा ग्रॅम हिमोग्लोबिन वाढवायचं. त्याला ५६ मिलिग्रॅम लोह अंगी लागायला हवं, शिवाय यकृतातला रिकामा साठा भरायला आणखी. आता रोजची वाटीभर खिचडी, बाजरीची भाकरी आणि एक अंडं यांतून मिळेल साडेतीन मिलिग्रॅम, अंगी लागेल ०.३ ते ०.४, आणि तेही वाढीतच खर्च होईल. तूट भरायला शिल्लक काय राहिलं? रक्तक्षय झाल्यावर तो अन्नाने हटवायला निघालात तर मेंदूच्या वाढीचं एक अख्खं वर्ष जाईल. अन्न पुन्हा तूट पडू नये म्हणून. झालेली तूट भरायला औषध.

औषधाचा डोस किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम ‘एलिमेंटल’ लोह, म्हणजे औषधाच्या क्षारातलं प्रत्यक्ष लोह, असा असतो. ९ किलोला २७ मिलिग्रॅम. यातलं दहा-पंधरा टक्के शोषलं गेलं तरी दिवसाला ३ ते ४ मिलिग्रॅम झाले, आणि ५६ चा खड्डा काही आठवड्यांत भरू लागतो.

गोंधळ होतो तो बाटलीवर. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’च्या ५० मिलीच्या बाटलीत दर मिलीला २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. त्यातून तुमच्या मुलाचा डोस साधारण १.३५ मिली होतो. कार्यक्रमात १ ते ३ वर्षांसाठी रोज दीड मिली धरलं आहे, तेही चालतं. तेच औषध रक्तक्षय नसलेल्या मुलाला प्रतिबंध म्हणून आठवड्यातून दोनदा फक्त १ मिली द्यायचं असतं. अनेक घरांत मूल रक्तक्षयी असूनही आठवड्यातून दोनदाच दिलं जातं आणि मग ‘सरकारी औषधाचा गुण येत नाही’ असं म्हणतात. दुकानातल्या सिरपमध्ये ५ मिलीला ३० मिलिग्रॅम असेल तर साडेचार मिली लागेल. ड्रॉप्समध्ये १ मिलीला १० मिलिग्रॅम असेल तर २.७ मिली, २५ असेल तर एक मिलीहून किंचित जास्त. सिरपच्या हिशेबाने ड्रॉप्स दिले तर डोस कितीतरी पट जास्त जातो, आणि उलट केलं तर औषध दिल्यासारखं फक्त वाटतं. बाटलीवर क्षाराचं वजन मोठ्या अक्षरात आणि एलिमेंटल लोह बारीक अक्षरात असतं; बघायचा तो बारीक आकडा. तो नसेल तर फार्मसीतल्या माणसाला विचारून बाटलीवर पेनाने लिहून घ्या. घरातला चमचा वापरू नका, कारण तो ३ मिलीचाही असतो आणि ७ चाही. सोबतचा ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या.

औषध दिवसातून एकदा, शक्यतो दुधाच्या एक तास आधी किंवा दोन तासांनी. उलटी होत असेल तर थोडं खाऊन झाल्यावर द्या. शोषण जरा कमी होईल, पण औषध पोटात राहील. सिरिंजचं टोक गालाच्या आत मागच्या बाजूला नेऊन हळूहळू सोडलं तर दात काळे होत नाहीत. वर दोन घोट पाणी पाजा. लिंबाच्या किंवा मोसंबीच्या रसाचे दोन-तीन चमचे सोबत दिले तर उत्तम. कॅल्शियम आणि झिंकची औषधं चालू असतील तर त्यांची वेळ वेगळी ठेवा.

शी काळी होणारच. आतड्यात न शोषलेलं लोह बाहेर पडतं, एवढाच त्याचा अर्थ. उलट शी अजिबात काळपट झाली नाही तर औषध खरंच पोटात जातंय ना, अशी शंका घ्यावी. डांबरासारखी चिकट, घाण वास येणारी किंवा लालसर शी मात्र वेगळी, ती दाखवा. शी घट्ट होत असेल तर पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका वाढवा. ताप जोरात असेल तर ते चार-पाच दिवस लोह थांबवून नंतर पुढे चालू करा. जे मूल अतिकुपोषित आहे, दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आहे, त्याला सुरुवातीच्या आठवड्यात लोह देत नाहीत. आधी संसर्ग आणि खाणं सावरतात. तुमच्या मुलाचं वजन पाहता तो त्यात बसत नाही.

औषध चालू केल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड कमी होते आणि भूक किंचित परतते. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढलं पाहिजे. वाढलं तर निदानावर शिक्कामोर्तब झालं. त्यानंतर घरोघर एकच चूक होते: आकडा ११ झाला की बाटली बंद. रक्त भरलं तरी यकृतातला साठा रिकामाच असतो आणि दोन-तीन महिन्यांत मूल पुन्हा तिथेच येतं. हिमोग्लोबिन नीट झाल्यावर आणखी दोन ते तीन महिने तोच डोस चालवायचा, मग आठवड्यातून दोनदा १ मिलीवर यायचं आणि पाच वर्षांपर्यंत तसंच चालू ठेवायचं.

महिन्याभराने १ ग्रॅम वाढलं नाही तर डोस न वाढवता कारण शोधा. आधी साधं: रोज दिलं का, किती मिली, दुधात कालवून तर नाही ना? मग दुसरं: रक्त कुठून जातंय का, सतत जुलाब किंवा पोट फुगणं आहे का? आणि तिसरं: निदान चुकलंय का. इथे तुमचा जिल्हा महत्त्वाचा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीचं मेळघाट आणि तिकडे नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार, बऱ्याच कुटुंबांत आहे. म्हणून तुमच्या मुलाची एकदा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी, तपासणी करून घ्याच, निव्वळ सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नका. ती टेस्ट वाहक कोण आणि आजारी कोण हे सांगत नाही. हाताची किंवा पावलांची बोटं अचानक सुजून दुखणं, डोळे पिवळे होणं, पोटात डाव्या बाजूला प्लीहा वाढणं ही सिकलसेलची लहानपणची चिन्हं. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत थॅलेसेमियाचा विचार आधी करतात. लोहाची कमतरता मोठी असेल तर एचपीएलसीतला हिमोग्लोबिन ए-२ चा आकडा खोटा कमी दिसू शकतो, त्यामुळे शंका उरली तर लोहाचा कोर्स झाल्यावर पुन्हा बघावं लागतं. सिकलसेल असलेल्या मुलालाही लोहाची कमतरता असू शकते, पण तिथे फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासल्याशिवाय लोह देऊ नये. फेरिटिन पाच वर्षांखाली १२ च्या खाली असेल तर साठा संपलेला. अंगात संसर्ग असेल तर ते खोटं वर जातं, म्हणून तेव्हा ३० ची रेघ धरतात.

आणखी एक रक्तक्षय मी मुद्दाम सांगतो, कारण त्यात उशीर परवडत नाही. आई पूर्ण शाकाहारी, दूध-दुभतंही बेताचं, आणि मूल आठ-दहा महिन्यांपर्यंत केवळ अंगावरच्या दुधावर, अशा घरात बी-१२ ची कमतरता होते. मूल मऊ, सुस्त, हसायचं थांबलेलं. बसायला लागलं होतं ते आता बसत नाही. बोटांच्या पेरांवर काळसर रंग, केस विरळ आणि भुरे, कधी हातापायांना कंप. पेशी इथे मोठ्या होतात. पण लोहही कमी असेल तर दोन्ही मिळून एमसीव्ही सामान्य दिसतं आणि रिपोर्ट फसवतो. शिकलेली हालचाल मूल विसरत असेल तर महिनाभर लोहाचं बघूया असं म्हणू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. नुसतं फॉलिक आम्ल दिलं तर रक्त सुधारतं आणि मज्जासंस्थेची हानी चालूच राहते.

घरात आता बदलायचं ते दूध आणि जेवण. दूध आठवड्याभरात ४०० मिलीवर आणा, वाटीने किंवा पेल्याने, जेवणानंतर. बाटली पूर्ण बंद. रात्रीची सगळ्यात आधी, कारण सकाळची भूक तीच मारते. पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. त्या दिवसांत कुणी कळवळून बाटली दिली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून घरातल्या सगळ्यांचं आधी एकमत करून मगच सुरू करा. त्याच्या वयाला २५० मिलीची पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन वेळा, आणि मधे दोन वेळा खाऊ, इतकं पोटात जायला हवं; सुरुवातीला पाव वाटी गेली तरी चालेल.

मांसाहार करत असाल तर तो मुलालाही द्या. मटण-चिकनचा रस्सा नव्हे, बारीक केलेला तुकडा. लोह रश्श्यात उतरत नाही. मांसातलं लोह वनस्पतीतल्यापेक्षा कितीतरी जास्त, साधारण १५ ते ३५ टक्के, शोषलं जातं आणि सोबतच्या डाळीतलं लोहही ओढून आणतं. कोंबडीच्या कलेजीत १०० ग्रॅमला ९ ते १० मिलिग्रॅम लोह असतं. दोन मोठे चमचे कुस्करून आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे, कारण तिच्यात जीवनसत्त्व ‘अ’ फार असतं. रोज एक अंडं. शाकाहारी घरात मसूर, मूग, मटकी भिजवून मोड आणून. बाजरीची मऊ भाकरी वरणात कुस्करून. राजगिऱ्याची खीर किंवा लाही, १०० ग्रॅमला ८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह. नाचणीत साडेचार मिलिग्रॅम असतं. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं पीठ मी पसंत करतो. वस्त्रगाळ सत्त्व करताना चोथ्याबरोबर लोहाचा एक भागही फेकला जातो. मोड आल्याने धान्यातलं फायटेट, म्हणजे लोहाला बांधून ठेवणारं द्रव्य, कमी होतं आणि लोह मोकळं होतं. नाचणी दुधात शिजवू नका, पाण्यात शिजवा. जेवणात लिंबू पिळायचं ते शिजवताना न पिळता ताटात, कारण उष्णतेने जीवनसत्त्व ‘क’ जातं. पेरूचा गर, आवळ्याचा कीस, संत्र्याची फोड यांनीही तेच साधतं. वरण-भाजीची फोडणी लोखंडी कढईत करा. चिंच, आमसूल, टोमॅटो घातलेल्या भाजीत कढईचं लोह जास्त उतरतं. शिजल्यावर भाजी त्यात ठेवू नका, काळी पडते आणि मूल खात नाही.

मेंदूचा उल्लेख वर केला, त्यामागचं कारण सांगतो. पहिल्या दोन वर्षांत मेंदूतल्या मज्जातंतूंवर आवरण चढत असतं आणि त्याला लोह लागतं. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकातल्या मुलांचा तान्हेपणापासून तरुणपणापर्यंत पाठपुरावा केला. बाळपणी दीर्घकाळ लोह कमी राहिलेली मुलं, रक्त भरून आल्यानंतरही, पुढे शिकण्याच्या चाचण्यांत मागे राहिलेली दिसली. तुमचं मूल १४ महिन्यांचं आहे, म्हणून मी आजच सुरू करा म्हणतो आहे.

शेजारच्या मुलांचंही बघा. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये तो ५३.८ टक्के होता. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मात्र देशातल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत तो ४१ टक्केच निघाला. फरकाचं एक कारण रक्त घेण्याच्या पद्धतीत आहे. बोट टोचून दाबून दाबून थेंब काढला तर त्यात ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. म्हणून बोटाच्या तपासणीत कमी आलं तर शिरेतल्या रक्ताने एकदा खात्री करून घेणं चांगलं. तुमच्याकडे पूर्ण रिपोर्ट आहे, तो प्रश्न नाही.

मूल दूध पिताना धापा टाकत असेल, पाय किंवा चेहरा सुजला असेल, हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल, लघवी गडद किंवा डोळे पिवळे असतील, अंगावर लाल-जांभळे ठिपके किंवा गाठी असतील, हाडं दुखून चालणं सोडलं असेल, तर घरी औषध देत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. अशा वेळी गावातल्या गावात भराभर सलाईन लावून घेऊ नका. रक्तक्षयाने थकलेलं हृदय तेवढं पाणी झेपवू शकत नाही.

लोहाची बाटली कुलुपात ठेवा. ५० मिलीच्या सरकारी बाटलीत १,००० मिलिग्रॅम लोह असतं. किलोमागे २० मिलिग्रॅमपासून विषबाधेची लक्षणं दिसतात आणि ६० च्या पुढे जीव धोक्यात येतो. ९ किलोच्या मुलाने अर्ध्याहून थोडी जास्त बाटली प्यायली की तो आकडा गाठला. तुमच्या स्वतःच्या गोळ्या, एकेकीत ६० मिलिग्रॅम, नऊ पुरतात. लाल चकचकीत गोळी मुलाला चॉकलेटसारखी दिसते. अशा वेळी आधी रक्ताच्या उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं झाल्यासारखं वाटतं आणि त्यानंतर कोसळतं. त्या मधल्या शांततेला फसू नका. बाटली किंवा रिकामं पाकीट हातात घेऊन लगेच निघा.

चार आठवड्यांनी मुलाची तपासणी करायला जाल त्याच दिवशी तुमचंही हिमोग्लोबिन तपासा. गरोदरपणी ८.९ असलेल्या आणि बाळंतपणानंतरच्या १८० गोळ्या पूर्ण न झालेल्या आईचं ते अजून भरलेलं नसण्याची शक्यता मोठी आहे. पुढचं मूल तुमच्याच साठ्यातून आपली शिदोरी बांधेल. तो भरेपर्यंत, आणि दोन मुलांत किमान तीन वर्षांचं अंतर पडेपर्यंत, पाळणा लांबवा.